हार की पडदा

आमच्या दुकानात पोर्ट्रेट करून घ्यायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हार की पडदा?" माणूस वारलेला असेल तर चित्रात त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, मागे निळे ढग आणि डोक्याभोवती थोडासा उजेड. माणूस हयात असेल तर मागे मखमली पडदा, शेजारी तिवई आणि तिवईवर फुलदाणी. पडदा मी कायम गडद लाल काढायचो, कारण तो रंग माझ्याकडे डब्यानं पडून होता. एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी एकदा हारही मागितला आणि पडदाही. शोभा येते म्हणाले. मी म्हणालो, साहेब, आधी तुमचं काय ते ठरवा, मग मी ब्रश उचलतो. ते असे भडकले की त्या सोसायटीच्या पाटीचं काम दुसऱ्या पेंटरला गेलं. माझ्या तोंडाला कधीच लगाम नव्हता.

दुकान नळदुर्गला, हमरस्त्याच्या कडेला. सोलापूरकडून हैदराबादला जाणारे ट्रक समोर थांबायचे. ड्रायव्हर ढाब्यावर जेवेपर्यंत मी ट्रकच्या मागच्या फळीवर एखादा मोर रंगवून द्यायचो. दुकान मूळ अब्बांचं, माझ्या वडिलांचं. अब्बा अक्षरांचे पेंटर. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दू पाट्या रंगवल्या आणि ते राज्य गेल्यावर मराठी. दोन्ही लिप्या त्यांच्या हातून सारख्याच देखण्या उतरायच्या. बहात्तरचा दुष्काळ ओसरला आणि आमच्या भागात सहकारी संस्थांचं पेव फुटलं. दूध संस्था, विकास सोसायटी, कुक्कुटपालन, जिकडं तिकडं नवी पाटी. पाटी अब्बांनी लिहायची आणि संस्थापकांचं चित्र मी करायचं, अशी आमची वाटणी होती.

अब्बांनी आयुष्यात चेहरा काढला नाही. ट्रकवरचा मोरसुद्धा त्यांना खटकायचा; जिवंत काही चितारणं आमच्या धर्मात बसत नाही, असं ते मानायचे. मी पहिलं पोर्ट्रेट केलं तेव्हा त्यांनी ते लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा है. मगर कल ऊपर पूछेंगे तेरे कू. बनाया ना? अब जान डाल इसमें. तब क्या करेगा?" मी म्हणालो, "तब का तब देखेंगे." त्यावर ते रागावले नाहीत आणि हसलेही नाहीत. तेव्हापासून भिंतीला एखादं पोर्ट्रेट वाळत टेकवलेलं असलं की ते त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि आपली अक्षरं लिहायचे.

कॅमेरा माझ्याकडे आला तो सोलापूरच्या एका स्टुडिओवाल्या मित्रामुळं. त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. पोटाशी धरून वरून आत वाकून बघायचं, तसला तो चौकोनी कॅमेरा होता. पहिला रोल मी अब्बांवरच संपवला. ते पाटी लिहिण्यात गुंग होते, त्यांना पत्ताच नव्हता. फोटो धुऊन आले आणि मी हबकलो. अब्बांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा चांगलाच लहान होता. नाक एका बाजूला झुकलेलं होतं. अक्षराला वळण देताना ते जिभेचं टोक दातांत धरत होते. जन्मल्यापासून जो चेहरा मी रोज पाहत होतो तो मला मुळीच माहीत नव्हता. फोटो न बघता मी त्यांचं चित्र काढलं असतं तर दोन्ही डोळे सारखे काढले असते, आणि वर छातीठोकपणे सांगितलं असतं की बघा, हुबेहूब! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण पेंटर म्हणून मिरवतो आणि आपल्याला दिसतच नाही, म्हणजे काय?

तोपर्यंत माझी रीत सगळ्यांसारखीच होती. गिऱ्हाईक छोटा फोटो आणणार, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या फळीवर खडूनं आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचं. अब्बांच्या फोटोनंतर मी ते सोडलं. आता मी स्वतः माणसाचे फोटो काढायचो, समोरून, बाजूनं, बोलताना, गप्प बसलेला. सगळे फोटो जमिनीवर पसरून त्यांच्यामध्ये बसायचो. कान एका फोटोतून घ्यायचा, गालाखालची सावली दुसऱ्यातून, नजर तिसऱ्यातून. फोटो मला उत्तर द्यायचा नाही, पण कुठं बघायचं ते दाखवायचा. पुढचं माझं मला करावं लागायचं.

त्यात एक युक्ती मला सापडली. खुर्चीत बसवलं की माणूस छाती फुगवतो, भुवया ताणतो, आणि चेहऱ्याची पार पाटी करून टाकतो. म्हणून मी आधी एक फोटो तसाच काढायचो आणि म्हणायचो, "झालं, उठा." ते ऐकलं की माणूस सुटतो. श्वास सोडतो, खांदे खाली येतात, आणि क्षणभर तो स्वतःचा होतो. नेमका तेव्हा मी खटका दाबायचो. त्यावरून मला शिव्या पुष्कळ बसल्या. सावल्या काढायला लागलो तेव्हा तर जास्तच. एक सरपंच म्हणाले, "पेंटर, म्या काय गुन्हा केलाय की माज्या तोंडाला काळं फासलंत?" मी म्हणालो, उजेड एकाच बाजूनं येतो, त्याला मी काय करू? पण त्यांनी अर्धा गाल पुन्हा गोरा करून घेतलाच.

ज्यांचा फोटोच नाही अशा माणसांची चित्रं हे आमच्याकडचं वेगळंच काम होतं. खेड्यापाड्यांत फोटो कुणाचे असायचे? लग्नातही क्वचित. माणूस गेला की मग आठवण व्हायची. अशा वेळी आम्ही घरच्यांना बोलवायचो. नाक भावासारखं होतं का? मग भावाला बसवा. कपाळ आत्याचं? आत्याला आणा. तशा चित्रात मी घरच्यांचेच अवयव जुळवायचो, आणि घरचे ते बघून रडायचे. मला वाटायचं, ही आपली कमाल आहे.

असंच एक घर उन्हाळ्यातल्या एका दुपारी एसटीतून उतरून माझ्याकडे आलं. बेंबळीच्या अलीकडच्या एका खेड्यातलं. एक म्हातारा, त्याचा धाकटा मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि थोरली सून. म्हाताऱ्याला थोरल्या मुलाचं चित्र करून हवं होतं. मी सवयीनं विचारलं, "हार की पडदा?"

"हार," म्हातारा म्हणाला.

मागे उभ्या सुनेनं मान वर केली. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. माझं तेव्हाच लक्ष जायला हवं होतं, पण मी पट्टी आणि पेन्सिल शोधत होतो.

मग म्हाताऱ्यानं सांगितलं. थोरला दुष्काळात गेला. मेला असं नाही, गेला. तलावाच्या भरावाचं सरकारी काम चालू होतं, सगळं घर तिथं माती वाहत होतं, आणि एक दिवस तो तिथूनच निघून गेला. कुणी म्हणालं पुण्यात दिसला, कुणी म्हणालं हैदराबादकडे ट्रकखाली सापडला. वर्षं लोटली, निरोप नाही की काही नाही. फोटो एकही नव्हता.

"त्वांड इसरत चाललंय पेंटर," म्हातारा म्हणाला. "आठवाय बसलो की नाक यितंय, तर डोळं येत न्हाईत. डोळं आलं की नाक जातंय. पार पुसायच्या आत काडून द्या."

मी विचारायला लागलो आणि त्यांच्यातच जुंपली. म्हातारा म्हणाला कपाळ आणि डोळे माझे. मुलगी म्हणाली हनुवटी माझी, मला सगळे तसं म्हणायचे. धाकटा म्हणाला गाल आणि नाक माझंच. सून काही बोलली नाही. सासऱ्यासमोर नवऱ्याच्या तोंडाचं वर्णन करायचं, हे तिला जमलं नसतं आणि तिला कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही. मी तिघांना एकाच खुर्चीत, एकाच अंतरावर, एकाच खिडकीच्या उजेडात बसवून फोटो काढले. म्हातारा कॅमेऱ्याकडे असा डोळे वटारून बघत होता की जणू कॅमेरा त्याचं देणं लागत होता. मी म्हणालो, "झालं मामा, उठा." त्याचे खांदे पडले, डोळे निवले, तो माझ्यामागे कुठंतरी लांब बघायला लागला. मी खटका दाबला.

"आता झालं म्हनला नव्हं?" तो उखडला.

"आता झालं," मी म्हणालो.

रोल घेऊन मी सोलापूरला मित्राच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. तिथं लाल दिव्यात काम करता करता मला एक खूळ सुचलं. अवयव सुटे सुटे कशाला जोडायचे? मोठा फोटो करायच्या यंत्रात मी आधी म्हाताऱ्याची निगेटिव्ह लावली आणि कागदावर नेहमीच्या निम्माच उजेड दिला. मग त्याच कागदावर, डोळ्यांवर डोळे नेमके बसवून, धाकट्याचा निम्मा उजेड. खाली हात आडवा धरून हनुवटीची जागा कोरी ठेवली होती, तिथं बहिणीची हनुवटी. आणि तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी भुवया आल्या. मग डोळे. मग हळूहळू नाकाची कड. पाण्याखालून एक माणूस वर येत होता, आणि तो त्या तिघांतला कुणीच नव्हता. चौथाच होता. पुरता, जिवंत, माझ्याकडे बघणारा. मित्र माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "हा कोण?"

जो माणूस मी कधी पाहिला नव्हता, ज्याचा कधी फोटो निघाला नव्हता, तो ट्रेमध्ये तरंगत होता. परतीच्या एसटीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि उघडायचं धाडस केलं नाही. अब्बांना तो फोटो दाखवला नाही. त्यांनी जे म्हटलं असतं ते मला तोंडपाठ होतं.

फोटोत तीन कडा एकमेकांवर आल्यानं सगळं थोडं धुरकट होतं. ते धुरकट निवळायचं काम ब्रशचं. कुठल्या कडेला हो म्हणायचं आणि कुठल्या कडेला नाही, हे मी ठरवत गेलो. डोळे मात्र मी म्हाताऱ्याच्या त्या 'झालं' म्हटल्यानंतरच्या फोटोतून जसेच्या तसे घेतले, कारण तसली नजर मला मनानं काढता आली नसती. चेहरा पुरा झाला. मागची जागा फक्त तपकिरी अस्तर देऊन मोकळी ठेवली, हार आणि ढग घरच्यांनी बघितल्यावर काढू म्हणून.

घर पुन्हा आलं. म्हातारा चित्रासमोर मटकन खाली बसला. "ह्योच. ह्योच माझा लेक," एवढंच म्हणत राहिला. मुलगी पदरात तोंड घालून रडली. धाकटा म्हणाला, हुबेहूब. मी कोपऱ्यात उभा राहून फुगत होतो. अब्बा नेहमीसारखे पाठ करून 'मर्यादित' मधला 'र्या' रंगवत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हे ते न्हाईत."

सून बोलली होती. सगळ्यांसमोर, सासऱ्यासमोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर मरमर करून काढलेलं चित्र, सगळं घर रडतंय, आणि ही म्हणते हे ते नाहीत!

"मग कसे आहेत ते?" मी जोरात विचारलं. "नाक कसं? डोळे कसे? सांगा, मी बदलतो."

"ते मला न्हाई सांगता येत, भाऊ," ती म्हणाली. ती हटली नाही. "बगितलं की वळकीन. हे घरातलंच हाय कुनीतरी. पर ते न्हाईत."

"गप," म्हातारा म्हणाला. "पेंटर, तुमी हार काडा."

"पडदा काडा," ती म्हणाली.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हार काढला की तिचं कुंकू गेलं. माझ्या ब्रशचे पिवळे ठिपके पडले की म्हातारा घरी जाऊन क्रियाकर्म करणार, आणि ती विधवा होणार. कुणीही प्रेत पाहिलं नव्हतं, आणि ठरवायचं मात्र माझ्या डब्यातल्या रंगानं. आजवर मी कितीतरी हार काढले होते, हसत, गप्पा मारत, बिडी ओढत. त्या दिवशी पिवळ्या रंगाकडे हात जाईना.

म्हातारा तिला रागावला नाही. माझ्याकडे वळून हळू बोलायला लागला. "तिचं चुकतंय आसं न्हाई. पर मला आता मोकळं व्हायचंय, पेंटर. दुस्काळात चारा न्हवता, त्यानं मला न इचारता बैल इकलं. भरावावर कळलं मला. म्या सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काडात मारली. लेकराबाळाचा बाप झालेल्या गड्याला, मुकादमाम्होरं, बाया-बापड्यांम्होरं. त्यो कायबी बोलला न्हाई. नुसता माज्याकडं बगितला आन मातीची पाटी टाकून गेला. जाताना शेवटचं काय बगितलं त्यानं? माजं तसलं त्वांड. हार घातला म्हंजी वाट बगायची सुटंल. एवढंच."

सुनेनं पदर पुढं ओढला आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मी ब्रश डब्यात टाकला. म्हणालो, "तुमचं घरात एकमत होऊ द्या. तोवर मी हारही काढत नाही आणि पडदाही काढत नाही." ते गेले. चित्र तसंच तपकिरी अस्तरावर भिंतीला राहिलं. आणि मग अब्बा उठले, पहिल्यांदाच एका पोर्ट्रेटसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बहू बराबर बोली. मरा सो किसी कू मालूम नई, उसकू हार कायकू?"

दिवाळी झाल्यावर सून आली, तिच्या भावाबरोबर. भाऊ आणि भावजय ऊसतोडीला पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर निघाले होते, ती त्यांच्याबरोबर चालली होती. "चित्र द्या," म्हणाली.

"हे ते नाहीत म्हणाला होतात ना?" मी अजून घुश्शातच होतो.

"न्हाईतच. पर तितं चार जिल्ह्यांतली मानसं येत्यात. इचारायला हातात कायतरी पायजे की."

"यावरून कुणी ओळखणार नाही," मी फटकन बोललो. "तुम्हीच ओळखत नाही तर दुसरा कोण ओळखणार?"

मी चित्र गोणपाटात बांधून तिच्या भावाच्या डोक्यावर दिलं. मनात म्हणालो, बाई गेली वाया, आणि माझं चित्रही गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात, कारखान्यांचं गळीत संपून ऊसतोडीच्या टोळ्या परतायच्या दिवसांत, मी शिडीवर चढून एका दूध संस्थेची गाय रंगवत होतो. खाली दुकानासमोर ती उभी दिसली. बरोबर म्हातारा होता आणि आणखी एक माणूस, हातात तेच गोणपाट. मला वाटलं, तिचा भाऊ असेल. मी खाली उतरलो.

ती म्हणाली, "भाऊ, हे ते."

मी त्या माणसाकडे पाहिलं. मग गोणपाट सोडून चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा माणसाकडे. नाक बसकं, रुंद. डोळे बारीक, एकमेकांजवळ. हनुवटी टोकदार. चित्रातलं काही, काहीही त्याच्यात नव्हतं. एवढा चुकीचा चेहरा मी आयुष्यात काढला नव्हता. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात भलतंच आलं, की हिनं कुणाला धरून आणलंय?

पण म्हाताऱ्यानं त्या माणसाचं मनगट घट्ट धरलं होतं. लहान मूल जत्रेत धरावं तसं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी सोडत नव्हता.

"मामा," मी म्हणालो, "तुम्हीच म्हणाला होतात, ह्योच माझा लेक."

"म्हनलो हुतो," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. "ह्याला दारात बगितला आन समदं त्वांड आठवलं बगा, एका झटक्यात. तुमच्या चित्रात ह्यो कुटंच न्हाई."

मी स्टुलावर बसलो. बापानं चित्रात स्वतःला पाहिलं होतं. भावानं स्वतःला, बहिणीनं स्वतःला. प्रत्येकजण आपलंच तोंड बघून रडला होता, आणि मी फुगलो होतो. एका तिनंच खरं पाहिलं होतं, आणि तिच्यावर मी डाफरलो होतो.

"मग सापडले कसे?" मी विचारलं. "या चित्रावरून तर शक्य नाही."

तिनं सांगितलं. उसाच्या पाचटाच्या झोपडीबाहेर, मेढीच्या खांबाला, रस्त्याकडे तोंड करून तिनं चित्र बांधलं होतं. येणारे-जाणारे लोक वारलेला माणूस समजून फुलं ठेवायचे, आणि ती रोज काढून टाकायची. "एक दिस भाकरी थापत हुते. बगितलं तर कुनीतरी पाठमोरं चित्राम्होरं उभं. फूल ठेवलं आसंल म्हनून उठले, काडून टाकायला. तर हे."

मी त्या माणसाला म्हणालो, "तुम्ही स्वतःला ओळखलंत यात?"

तो पहिल्यांदा बोलला. जमिनीकडे बघत बोलत होता. "मला कुटं वळकायचं? म्या कुटं हाय त्यात? मी तितं गाडीवान हुतो, लई सालापास्नं. ऊस घिऊन चाललो हुतो, आन झोपडीवर मला ह्ये आमचं आबा दिसलं. म्हनलं, हितं बी आलं का मला माराया. बैलाला चाबूक वढला आन पळालो. दुसऱ्या खेपंला बगितलं तर ताईची हनुवटी. मग धाकट्याचं गाल. आमचं समदं घर एका तोंडात बसलेलं. मला घाम फुटला. हे कसलं चित्र? कोन मानूस ह्यो? तिसऱ्या खेपंला गाडी सोडून जवळ गेलो."

म्हातारा त्याच्याकडे बघत होता.

"जवळनं आबाचं डोळं बगितलं. रागात न्हवतं. इतक्या वरसांत म्या डोळं मिटलं की आबा रागातच दिसायचं. घरला यायला कितींदा निगालो, त्या डोळ्यांला भिऊन माघारी फिरलो. चित्रातलं डोळं माजी वाट बगत हुतं. मग मला तितनं हालता येईना."

म्हाताऱ्यानं मुलाचं मनगट सोडलं आणि उजवा हात वर उचलला. एवढा बाप्या माणूस, पण मुलाची मान खांद्यात गेली, डोळे मिटले. म्हाताऱ्यानं तो हात त्याच्या गालावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

काहीतरी करायचं म्हणून मी लाल रंगाचा डबा ओढला आणि विचारलं, "आता पडदा काढू?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "मानूस हाय की घरात. ऱ्हाऊ द्या आसंच."

चेहरा दुरुस्त करून देतो म्हणालो, तर म्हातारा आणि मुलगा दोघंही नको म्हणाले. गोणपाटात बांधून त्यांनी चित्र परत नेलं.

ते एसटीत बसून गेले तरी मी तिथंच बसून होतो. अब्बा पाटी लिहायचं थांबवून कधीचे आमच्याकडे तोंड करून बसले होते, ते मला तेव्हा दिसलं. मी वाट बघत होतो, आता ते जान डालण्याचं काहीतरी बोलतील.

"इसमें तेरा क्या था रे?" ते म्हणाले. "सब उनकाच था."

एरवी मी भांडलो असतो. "हां, अब्बा," म्हणालो, आणि अर्धी राहिलेली गाय पुरी करायला शिडीवर चढलो.